डिचोलीहून माचू पिच्चूला: चार दिवसांची वाट आणि त्याआधीचे सात महिने

ऑक्टोबर २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. "मावशी, पुढच्या वर्षीचे इंका ट्रेलचे परवाने सुटले. मे महिन्यात तुझी शाळा बंद असते ना? हो म्हण, आगाऊ रक्कम मी भरते." मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. हो म्हणून मोकळी झाले आणि त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

वय ५१, गाव डिचोली, शाळेत इतिहास शिकवते. दर वर्षी सातवीच्या मुलांना घेऊन तांबडी सुर्लाला जाते. कदंबांच्या काळातलं ते महादेवाचं देऊळ, काळ्या बेसाल्टचं, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून उभं केलेलं. हा दगड घाटमाथ्यावरून खाली आणला असं मानतात, हे मुलांना सांगताना दर वेळी माझ्याच मनात येतं, आणला कसा असेल? चाकाची गाडी नसताना डोंगराच्या धारेवर दगडाची शहरं बांधणाऱ्या पेरूतल्या इंकांबद्दलची ओढ तिथूनच लागली. पण ओढ वेगळी आणि माचू पिच्चू या त्यांच्या शहराकडे नेणाऱ्या इंका ट्रेलवरची ४,२१५ मीटरची खिंड पायी चढणं वेगळं. आपल्या गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सत्तरीतलं सोसोगड, तेसुद्धा ११६६ मीटर. माझ्या वयाची, समुद्रसपाटीला राहणारी, कधी मोठा ट्रेक न केलेली एखादी बाई ही वाट चालून आली आहे का, हे मी तेव्हा मराठीत खूप शोधलं आणि फारसं काही हाती लागलं नाही. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते.

आधी परवान्याचं. कुस्कोहून माचू पिच्चूकडे जाणाऱ्या रेल्वेच्या ८२व्या किलोमीटरला पिस्काकुचो नावाचं ठिकाण आहे, तिथून ही वाट सुरू होते. सुमारे ४३ किलोमीटर, चार दिवस, तीन रात्री तंबूत. दिवसाला जास्तीत जास्त ५०० माणसं सोडतात, पण त्यात पोर्टर, स्वयंपाकी, गाईड सगळे आले. त्यामुळे चालणाऱ्यांच्या वाट्याला साधारण २०० जागा उरतात. एकट्याने जाता येत नाही, परवाना असलेल्या संस्थेमार्फतच जावं लागतं. फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी आणि पावसामुळे वाट पूर्ण बंद. मे ते ऑगस्ट कोरडा हंगाम, त्याच्या जागा कित्येक महिने आधी संपतात. परवाना नावावर आणि पासपोर्टच्या क्रमांकावर निघतो. तो दुसऱ्याला देता येत नाही, तारीखही बदलून मिळत नाही. आम्हाला १७ मे २०२४ मिळाली. माणशी ७५० डॉलर, त्यातले ३०० लगेच भरायचे.

पैसे भरले आणि दोन दिवसांनी कपाटातून पासपोर्ट काढून पाहिला. मुदत सप्टेंबर २०२४ पर्यंत. पेरूमध्ये उतरताना निदान सहा महिने शिल्लक हवेत, माझे चारच उरत होते. म्हणजे नवा पासपोर्ट काढायचा. नव्याचा क्रमांक नवा असणार, आणि परवाना तर जुन्या क्रमांकावर निघालेला. पोटात गोळा आला. त्यात आणखी एक गुंता होता. भारतीयांना पेरूचा व्हिसा लागतो, पण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत अजून सहा महिने असेल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. बहिणीकडे जाण्यासाठी काढलेला माझा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता, तोही जुन्याच पासपोर्टात चिकटवलेला.

उत्तर सोपं निघालं, पण ते सापडेपर्यंत मी आठवडाभर धड जेवले नाही. जुना पासपोर्ट रद्द झाला तरी त्यातला व्हिसा रद्द होत नाही, दोन्ही बरोबर बाळगायचे. परवान्याचंही तेच, संस्थेने ईमेलवर कळवलं की जुना आणि नवा दोन्ही घेऊन या. ते ईमेल मी छापून घेतलं. जानेवारीत पणजीला जाऊन अर्ज दिला, फी १५०० रुपये. खिडकीवरच सांगितलं की जुन्यात चालू व्हिसा आहे, त्या पानाला धक्का लावू नका. पोलीस पडताळणीला शिपाई घरी येऊन गेला आणि १९व्या दिवशी नवा पासपोर्ट पोस्टाने हातात पडला. तेव्हापासून परत येईपर्यंत दोन्ही पासपोर्ट एका रबरात बांधलेले होते. कुणी जाणार असाल तर पैसे भरण्याआधी पासपोर्टची मुदत बघा, एवढं एक ऐका.

दुसरी गोष्ट पिवळ्या तापाच्या लशीची. तिकीट काढून देणाऱ्या एजंटने छातीठोक सांगितलं, "मॅडम, पेरूवाले लस मागत नाहीत." ते मागत नाहीत हे खरं, पण परत येताना आपला देश मागतो. पेरू पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे आणि दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हे मला शेजारच्या घरातल्या, बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलाने सांगितलं. आपल्याकडे घरटी एक जण बोटीवर, त्यांना या दाखल्याच्या पिवळ्या कार्डाची सगळी माहिती असते. मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात आधी फोन करून दिवस विचारला. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात, त्यामुळे पुरेशी माणसं जमली की मगच फोडतात. माझ्यासोबत रांगेत सगळे खलाशी, त्यांत मी एकटी साडीतली. तीनशे रुपये, अर्ध्या तासाची देखरेख आणि हातात पिवळं कार्ड. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, मग जन्मभर चालतो. साठीच्या पुढच्यांनी मात्र ही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

विमा काढताना बारीक अक्षरं वाचा. पहिल्या पॉलिसीत ४,००० मीटरच्या वरचा ट्रेक धरलेलाच नव्हता, दुसरी घ्यावी लागली. शाळेकडून परदेशप्रवासाचं ना-हरकत पत्र मिळायला पाच आठवडे गेले. फाईल कुठे अडली ते शेवटपर्यंत कळलं नाही, मी फक्त दर सोमवारी जाऊन उभी राहायचे.

सराव डिसेंबरपासून. आठवड्यातून चार दिवस सकाळी तासभर चालणं आणि रविवारी पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर. पहिल्या रविवारी अर्ध्यात बसले. मार्चमध्ये पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन न थांबता वर गेले, देवळात टेकले आणि तिथेच रडू आलं. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टने एकच व्यायाम दिला होता, पायरीवरून हळू, मनात चार अंक मोजत खाली उतरायचं. चढण्यापेक्षा उतरण्याची तयारी करा असं ती म्हणाली होती. तिचे शब्द तिसऱ्या दिवशी आठवले.

७ मेला गोव्यात लोकसभेचं मतदान होतं आणि मला ड्युटी लागली. रात्री उशिरा यंत्रं जमा करून घरी आले, आणि १० मेला अक्षय तृतीयेच्या दिवशी निघाले. मुंबई, ऍमस्टरडॅम, लिमा. लिमाला भाची भेटली. तिथून १२ मेला कुस्कोत उतरलो, तर माझी बॅग आलीच नाही. दोन दिवसांनी मिळाली. ट्रेकचे बूट मी प्रवासात पायात घातले होते आणि औषधं, कागद, एक गरम कपडा हातातल्या पिशवीत होता, म्हणून निभावलं. बूट कधीच सामानात टाकू नका, पायात रुळलेला बूट तिथे विकत मिळत नाही.

कुस्को ३,४०० मीटरवर आहे. उंचीची सवय हळूहळू व्हावी म्हणून आम्ही तिथे न थांबता टॅक्सीने थेट ओयान्तायताम्बोला गेलो, ते सुमारे २,८०० मीटरवर. तीन रात्री तिथे आणि मग दोन रात्री कुस्कोत. पहिल्या दिवशी बाथरूमपर्यंत चालले तरी छाती धडधडायची. डोकं दुखणं, मळमळ, रात्री दचकून जाग येणं, हे सगळं झालं. उंचीवरच्या विरळ हवेने होणाऱ्या या त्रासाला तिथे सोरोचे म्हणतात. डॉक्टरांनी गोव्यातच त्यावर असेटाझोलामाईडच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, ठाऊक नसेल तर माणूस घाबरेल. कोकाच्या पानांचा चहा जागोजाग मिळतो, मला त्याने बरं वाटलं. ती पानं आठवण म्हणून बॅगेत घालून आणू नका, आपल्याकडे तो गुन्हा आहे. या पाच दिवसांचा खर्च वाचवावा असं कुणालाही वाटेल, मलाही वाटलं होतं. आमच्या तुकडीतला पंचविशीचा एक धडधाकट मुलगा एकच दिवस आधी आला होता, त्याला दुसऱ्या दिवशी खिंडीआधीच परत न्यावं लागलं.

१७ मे, पहाटे साडेचारला गाडी. ८२व्या किलोमीटरला आधी पोर्टरांची ओझी वजन करतात, २० किलोच्या वर एक ग्रॅम नाही, कायदा आहे. माझ्या वाट्याचे सात किलो होते, त्यात स्लीपिंग बॅगही. काठीच्या टोकाला रबर हवंच, नाहीतर इंकांच्या पायऱ्या झिजतात, आणि तेही तपासतात. मग चौकी. खिडकीतल्या बाईंनी नवा पासपोर्ट घेतला, परवान्याशी क्रमांक ताडून पाहिला आणि नाही म्हणून मान हलवली. मी रबर सोडून जुना पुढे केला, वर ते ईमेल. त्यांनी जुन्याचा क्रमांक पाहिला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि नव्या पासपोर्टवर शिक्का मारला. पुरता एक मिनिट लागला नसेल. सात महिने ज्याला घाबरले ते एवढंच होतं. उरुबाम्बा नदीवरचा झुलता पूल ओलांडला तेव्हा कुठे माझे हात थंड पडल्याचं जाणवलं.

पहिला दिवस सोपा. निवडुंग, नदी, खाली पसरलेले यक्तापाताचे अवशेष, शेवटी ३,००० मीटरवरचं वायाबाम्बा. रात्रीचं जेवण मात्र सांगण्यासारखं. मी मांस खात नाही हे आधीच कळवलं होतं. स्वयंपाक्याने किन्वाचं सूप दिलं आणि ताटात उकडलेले छोटे बटाटे, एक पिवळा, एक तांबूस आणि एक कापल्यावर आतून जांभळा, मधोमध पांढरी कडी, जणू कोकमाच्या पाण्यात बुडवून काढलेला. तोंडात मऊ, किंचित गोडसर. पेरूत बटाट्याच्या हजारो जाती आहेत. मी बोट दाखवून "बटाटा" म्हटलं, तो हसून "पापा" म्हणाला. त्याच्या डोंगरातलं हे कंद, आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आलं आणि त्यांचंच नाव घेऊन राहिलं. वर्गात हे मी शंभरदा सांगितलं असेन. त्या ताटासमोर बसून ते पहिल्यांदा मला खरं वाटलं.

दुसरा दिवस, वार्मिवान्युस्का, तीच ४,२१५ मीटरची खिंड. नावाचा अर्थ मेलेली बाई. खालून पाहिलं तर खिंडीची आकृती आडव्या पडलेल्या बाईसारखी दिसते म्हणून ते नाव पडलं. वायाबाम्बापासून १,२०० मीटरची सलग चढण. गाईड मला मामीता म्हणायचा, वयाने मोठ्या बाईला तिथे तसं प्रेमाने म्हणतात, आणि मला आपली मामीच ऐकू यायची. तो म्हणाला, "मामीता, बोलता येईल इतक्याच वेगाने चाल. बोलता आलं नाही तर थांब." शेवटच्या टप्प्यात मी वीस पावलं चालायचे आणि दहा श्वास घ्यायचे. चंद्रनाथाला म्हणायची आरती मनात सुरू केली, पण श्वासाशी चाल जुळेना, मग नुसते आकडे मोजले. भाची पुढे जाऊन पुन्हा मागे आली, "मावशी, मी तुझ्याबरोबर चालते," म्हणाली, आणि मग एक शब्द बोलली नाही. सकाळी साडेसहाला निघालेली मी पावणेएकला वर पोहोचले, तुकडीत शेवटची. वर वारा इतका की उभं राहवत नव्हतं. पोर्टर आमच्या कितीतरी आधी पोहोचून पलीकडे उतरतही होते, कित्येकांच्या पायात टायरच्या चपला. मी "सुल्पायकी" म्हटलं, म्हणजे केचुआ या त्यांच्या भाषेत धन्यवाद. तोपर्यंत लाजणाऱ्या एका म्हाताऱ्या पोर्टरने वळून माझ्या पाठीवर थाप मारली.

पाकायमायोच्या मुक्कामाला रात्री पाण्याच्या बाटलीवर बर्फ धरला. झोपताना उकळतं पाणी धातूच्या बाटलीत भरून पायाशी ठेवा. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या वाटेवर नेऊ देत नाहीत, त्यामुळे तशी बाटली लागतेच. संडास जमिनीलगतचे, आपल्यासारखे. परदेशी मंडळींचे हाल झाले, आपलं अडलं नाही. साबण आणि कागद आपला न्यायचा.

तिसरा दिवस सर्वांत लांब, सोळा किलोमीटर, आणि मला विचाराल तर ही वाट या दिवसासाठीच चालायची. रुंकुराकायची गोल चौकी, मग जवळजवळ ४,००० मीटरची दुसरी खिंड, कड्याच्या टोकावरचं सायाक्मार्का, खडक पोखरून केलेला छोटा बोगदा, आणि ढगांवरचं गाव असा ज्याच्या नावाचा अर्थ ते फुयुपातामार्का. तिथून पुढे हजारो पायऱ्या खाली. काही ठिकाणी एकाच अखंड ग्रॅनाईटच्या धोंड्यात सहा-सात पायऱ्या कोरल्या आहेत, मधला भाग पावलांनी इतका गुळगुळीत झाला आहे की त्यात पावसाचं पाणी साचतं. इथे माझे गुडघे बोलू लागले. तिरकं, बाजूने, दोन्ही काठ्या आधी टेकून, मनात चार अंक मोजत उतरले. इतरांना तीन तास लागले, मला पाच.

अंधार पडता पडता विन्याय वायनाला पोहोचले. डोंगराच्या वळणावर शेतीचे चंद्रकोरी टप्पे, मधून पाण्याच्या कुंडांची ओळ, आजही पाणी वाहतं आहे. इथे मी घरांच्या भिंती जवळून पाहिल्या. इंकांच्या दगडांत सुरीचं पातं शिरत नाही हे आपण सगळीकडे वाचतो, मीही मुलांना तेच सांगत होते. या भिंतींत तसं नव्हतं. ओबडधोबड दगड, फटींत मातीचा गारा, वरून बहुधा लेप असणार. ते घासून जुळवलेले सांधे देवळांना आणि मानाच्या वास्तूंना. राहत्या घरांना साधी भिंत. तांबडी सुर्लाचं देऊळ दगडात उभं आहे आणि कदंबांच्या काळातली लोकांची घरं कुठे दिसत नाहीत, कारण ती मातीची होती. इथे गाऱ्याच्या भिंतीसुद्धा टिकल्या. त्या घरात कुणी चूल पेटवली असेल, ती जागा मला पाहायला मिळाली, आणि मी तिथे बराच वेळ उभी राहिले. गाईडने हाक मारली नाही.

चौथ्या दिवशी पहाटे साडेतीनला उठवतात. शेवटची चौकी साडेपाचला उघडते, तोवर अंधारात रांग. मग दीड तास जंगलातली वाट, शेवटी जवळजवळ उभ्या पायऱ्या, हाताने धरत चढायच्या, आणि इंतिपुंकू, सूर्याचा दरवाजा. समोर काहीच नव्हतं. नुसतं पांढरं धुकं. लोक हळहळले, काही जण खाली निघून गेले. गाईड म्हणाला थांबा, आम्ही चाळीस मिनिटं बसलो. आधी खालच्या बसरस्त्याची नागमोडी वळणं दिसली, मग हिरवा टप्पा, मग छप्पर नसलेल्या त्रिकोणी भिंती, एकेक करून. १५व्या शतकात, पाचाकुती या इंका राजाच्या काळात बांधलेलं ते शहर. भाचीने माझा हात घट्ट धरला होता.

माचू पिच्चूबद्दल थोडंच लिहिते, ते सगळीकडे वाचायला मिळतं. आत ठरलेल्या मार्गानेच फिरायचं, मागे वळता येत नाही. संडास फाटकाबाहेरच आहे, आधी जाऊन या. तिथेही पासपोर्ट लागतो. सूर्यमंदिराच्या गोलाईतले ते घासलेले सांधे पाहिले, आणि हो, तिथे खरंच केससुद्धा शिरणार नाही. त्या दिवशी बसने आलेल्या ताज्यातवान्या गर्दीत मी घामट, चार दिवस न न्हालेली, एका भिंतीच्या सावलीत बसून होते. खाली पायथ्याच्या आग्वास काल्येंतेस गावात उतरून भात मागितला आणि दोन ताटं संपवली.

२४ मेला मुंबईत उतरले. आरोग्य कक्षात पिवळं कार्ड मागितलं, तारीख पाहिली, सोडलं. माझ्या पुढच्या दोघांकडे नव्हतं, त्यांना बाजूला बसवलं होतं.

खर्च विचारतात म्हणून सांगते. विमान १,५२,०००, ट्रेक सुमारे ६२,५००, सामान वाहणारा पोर्टर आणि भाड्याची स्लीपिंग बॅग १२,०००, राहणं-खाणं-टॅक्सी ४८,०००, पोर्टर-स्वयंपाक्यांना बक्षिसी ८,०००, विमा ४,५००, बूट आणि कपडे १६,०००. म्हणजे तीन लाख तीन हजार. बक्षिसी वाचवू नका, वेगळ्या पाकिटात आधीच काढून ठेवा.

काठ्या मी विकतच घेतल्या होत्या, त्या बुटांच्याच पैशांत आल्या. सध्या त्या धाकट्या जावेकडे आहेत. ती ४७ची आहे, रविवारी चंद्रनाथाला जाते आणि अर्ध्यात बसते. तिच्या पासपोर्टची मुदत मी आधी पाहिली, २०३१ पर्यंत आहे.